खेळगड्याची तीन नावे

आमच्या ह्या तीन गावांत नव्याने येणाऱ्या माणसाची पहिली फजिती नावामुळे होते. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात कोणाकडे तरी जावयाचे म्हणून तो मुंबईहून निघतो आणि पाटीवर 'उल्हासनगर' दिसेपर्यंत गाडीत बसून राहतो. वस्तुतः त्याने एक स्टेशन आधी, विठ्ठलवाडीलाच उतरावयाचे असते. एक नंबर कॅम्पात जावयाचे असेल तर शहाड जवळ, आणि शहाड ह्या फाट्यावर नाहीच. ते कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या फाट्यावर आहे. बदलापूरला उतरून पूर्वेच्या बाजूस आले म्हणजे माणूस कुळगावात असतो, आणि नगरपालिकेने दोघांचाही मान राखून 'कुळगाव-बदलापूर' अशी तोड काढलेली आहे. अंबरनाथची अडचण अक्षराची. मराठीत त्याबद्दल वाद नाही; परंतु रोमन लिपीत 'ब'च्या पुढे कोणी 'ई' घालतो, कोणी 'ए' घालतो, आणि दुकानांच्या पाट्या वाचीत चालले तर दोन्ही पक्षांचे अनुयायी भेटतात.

हल्ली घरोघर विचारला जाणारा एक प्रश्न ह्याच जातीचा आहे. मुलगा, पुतणी, क्वचित निवृत्त झालेले आजोबासुद्धा हातात मोबाइल धरून विचारतात, "ह्या खेळातलं माझं युजरनेम काय? ते सापडतं कुठे?" वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर असला विषय घ्यावा काय, अशी शंका काही वडीलधाऱ्यांना येईल. ती रास्त आहे. परंतु ज्या मुलाने तीन वर्षे एक खेळ खेळून त्यात आपला दर्जा मिळविला, सवंगडी जमविले, घरच्यांनी वाढदिवसाला दिलेल्या पैशांतून त्यात काही वस्तू घेतल्या, त्याचे हे सर्व संचित फोन फुटल्यावर एका संध्याकाळी नाहीसे होते आणि "मीच तो" हे त्याला कोणापुढे सिद्ध करता येत नाही, त्याच्या लेखी हा पोरखेळ नसतो. शिवाय आम्हांस असे दिसते की, जी गोष्ट आज खेळात घडते तीच उद्या बँकेत, रुग्णालयात आणि सरकारी कचेरीत घडणार आहे, नव्हे घडू लागली आहे. तेव्हा खेळाच्या निमित्ताने ती समजून घ्यावी.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, खेळगड्याला एक नाव नसून तीन असतात. प्रश्न विचारणारा एक विचारतो, उत्तर देणारा दुसऱ्याचे देतो, आणि बहुतेक घोटाळा तेथेच होतो.

ही तीन नावे कशी, हे सांगावयास उल्हासनगरइतके सोयीचे गाव नाही. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीवर हे शहर वसले. फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे एक लाख माणसे कल्याणजवळच्या ह्या छावणीत उतरविण्यात आली, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांनी तिला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव दिले. नाव नवे मिळाले तरी कॅम्पांचे आणि बराकींचे नंबर गेले नाहीत. आजही कित्येक पत्त्यांत बॅरेक नंबर असतो. बराकीच्या जागी इमारत उभी राहिली, मूळ कुटुंब दुसरीकडे गेले, दारावरची पाटी चार वेळा बदलली, तरी नंबर तोच. आता एका घराचा विचार करा. दारावरची पाटी ही येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून. तिच्यावर काय लिहावे हा घरमालकाचा खुषीचा मामला. कुलपाची किल्ली ही घरच्या माणसाला आत शिरण्यासाठी. ती कोणास दाखवावयाची नसते. आणि बॅरेक नंबर हा कचेरीच्या वहीसाठी. तो ना मालकाने निवडलेला, ना त्याला बदलता येणारा.

खेळाच्या यंत्रात ह्याच तीन गोष्टी आहेत. पाटीवरचे नाव म्हणजे मैदानात आपल्या डोक्यावर तरंगणारे, दुसऱ्या गड्यांना दिसणारे नाव. दाराचे नाव म्हणजे ज्याच्या आधारे आपण आत शिरतो ते. ते कधी एखादे वेगळे युजरनेम असते, कधी ईमेलचा पत्ता, कधी मोबाइल नंबर, आणि पुष्कळदा गूगल किंवा फेसबुकचे खाते. वहीतला आकडा म्हणजे खेळ चालविणाऱ्या कंपनीच्या यंत्राने आपल्याला पहिल्या दिवशी दिलेला क्रमांक. मुलांच्या बोलण्यात ह्यालाच 'आयडी' म्हणतात, आणि दुर्दैवाने दाराच्या नावालाही काही जण 'आयडी'च म्हणतात.

एवढी नावे कशाला, असे कोणी विचारील. त्याला ऐतिहासिक कारण आहे. पूर्वी संगणक एक आणि माणसे अनेक अशी स्थिती होती. अमेरिकेतील एमआयटी ह्या संस्थेत 1961 साली एकच यंत्र अनेकांनी वाटून वापरण्याची पद्धत प्रत्यक्षात दाखविण्यात आली. तेव्हा कोणते काम कोणाचे हे यंत्राला कळावे म्हणून प्रत्येकाची निराळी ओळख आणि तिच्या जोडीला पासवर्ड ठेवणे प्राप्त झाले. दाराचे नाव हे असे कामातून जन्मले. पाटीचे नाव मात्र हौसेतून आले. 1978 साली इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल ह्या दोघांनी 'मड' नावाचा एक खेळ रचला. त्यात चित्र नव्हते, केवळ शब्द होते. पण दूरदूरची माणसे एकाच काल्पनिक प्रदेशात एका वेळी वावरत आणि तेथे आपल्याला हवे ते नाव घेत. त्याच सुमारास, 1979 मध्ये, 'अ‍ॅस्टरॉइड्स' ह्या नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रावर जिंकणाऱ्याला आपली तीन अक्षरे कोरता येऊ लागली. तीनच अक्षरे, म्हणजे एकाच आद्याक्षरांच्या दोन माणसांत भेद करण्याचा काही उपाय नव्हता. तिसऱ्या नावाची, म्हणजे आकड्याची, गरज येथे स्पष्ट होते.

ही गरज फार जुनी आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा. त्यात शिलाहार राजाचे नाव मामवाणि असे येते. अन्य लेखांत हाच राजा मुम्मुणि म्हणून आढळतो. दोन्ही नावांचा धनी एकच, हे ठरवावयाचे तर काळ आणि वंशावळ ताडून पाहावी लागते. राजाला बिरुदे पुष्कळ असली तरी न बदलणारा क्रमांक नव्हता. आपल्याला तो आता मिळाला आहे: आधारच्या पहिल्या क्रमांकांचे वाटप 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली ह्या गावी झाले. लग्नानंतर नाव बदलो, स्पेलिंगात चूक होवो, बारा आकडे तेच राहतात. खेळातला आकडा हा त्याचाच धाकटा भाऊ समजावा.

आता प्रत्यक्ष शोधाकडे वळू. आमच्याकडील मुलांत 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया', म्हणजे मुलांच्या भाषेत 'बीजीएमआय', ह्या खेळाचा बोलबाला मोठा. म्हणून तोच उदाहरणासाठी घेऊ. खेळ उघडला की लढाई सुरू होण्यापूर्वी जी ओसरी लागते तिला लॉबी म्हणतात. तेथे वरच्या कोपऱ्यात आपले लहान चित्र असते. त्यावर बोट ठेवले की आपली पाटी उघडते. मोठ्या अक्षरांत दिसते ते पाटीचे नाव. आणि त्याच्याच जवळ बारीक अक्षरांत एक लांबलचक आकडा असतो, तो कॅरेक्टर आयडी. शेजारी नक्कल करून घेण्याची खूण असते. ती दाबावी आणि आकडा कोठेतरी उतरवून ठेवावा. हाताने लिहिताना एखादा अंक इकडचा तिकडे होतो. पाटीचे नाव बदलावयाचे झाल्यास 'रिनेम कार्ड' नावाची खेळातलीच एक चिठ्ठी खर्ची घालावी लागते. आकडा मात्र कोणत्याही चिठ्ठीने बदलत नाही.

दोन नावे झाली. तिसरे, म्हणजे दाराचे, पाटीवर शोधून सापडावयाचे नाही, कारण किल्ली कोणी दारावर टांगून ठेवीत नाही. ते खेळाच्या सेटिंग्जमध्ये खात्याविषयीच्या पानावर असते. आपण गूगलच्या दाराने आलो आहोत की फेसबुकच्या, एवढे तेथे कळते. नेमके हेच पुष्कळांना ठाऊक नसते, आणि त्याचे कारण मोठे मौजेचे आहे. पहिल्या दिवशी आपण दारावर नाव सांगितले की यंत्र आपल्या फोनच्या हाती एक बिल्ला देते. स्टेशनवरच्या सामानघरात बॅग ठेवल्यावर बिल्ला मिळतो, तसाच. दुसऱ्या दिवसापासून फोन आपला बिल्ला दाखवितो आणि आपण सरळ आत जातो. लोकल गाडीत संपर्क तुटला आणि दोन मिनिटांनी पुन्हा आला, तरी यंत्र आपल्याला ओळखते ते बिल्ल्यामुळेच. अशी दोन-तीन वर्षे जातात. ह्या अवधीत दाराचे नाव एकदाही उच्चारावे लागत नाही, आणि ते कोणते होते हे माणूस साफ विसरतो. मग एक दिवस फोन बदलतो. नव्या फोनजवळ बिल्ला नसतो. यंत्र म्हणते, नाव सांगा. आणि आपण पाटीवरचे नाव सांगू लागतो, ज्याचा तेथे काही उपयोग नसतो.

ह्या जागी एक फसगत ठरलेली आहे. समजा, बदलापूरच्या एका विद्यार्थ्याचे खाते पूर्वी फेसबुकच्या दाराने उघडलेले होते. नव्या फोनवर समोर गूगलचे बटण दिसले म्हणून त्याने ते दाबले. खेळ उघडला, पण आत सर्व कोरे. नाव नाही, दर्जा नाही, सवंगडी नाहीत. तो समजतो, आपले खाते पुसले गेले. प्रत्यक्षात काहीही पुसलेले नसते. त्याने दुसऱ्या दाराने शिरून शेजारची रिकामी खोली उघडलेली असते. त्याची खोली भिंतीपलीकडे जशीच्या तशी आहे. बाहेर येऊन दुसरे दार लावून पाहिले की काम भागते. आम्ही तर असे सुचवू की, कोणाचेही खाते 'गेले' म्हणून कानावर आले की पहिला प्रश्न हाच विचारावा: कोणत्या दाराने गेला होतास?

ह्याहून वाईट प्रकार पाहुण्यांचा. कित्येक खेळांत 'गेस्ट', म्हणजे पाहुणा, म्हणून नाव न सांगता खेळता येते. नवी मुंबईच्या एका कंपनीने 2016 साली काढलेला 'लुडो किंग' हा खेळ 2020 च्या टाळेबंदीत आमच्याकडे आज्या-नातवंडांनी एकत्र खेळला. त्यातही पाहुणा म्हणून बसण्याची सोय आहे. घटकाभर करमणूक करणाऱ्याला ती पुरेशी आहे आणि तिच्यात काही गैर नाही. पण पाहुण्याला दाराचे नाव नसते, फक्त बिल्ला असतो, आणि तो त्याच एका फोनमध्ये. फोन पाण्यात पडला, दुरुस्तीवाल्याने सर्व पुसून नव्याने चालू केला, किंवा जुना म्हणून विकून टाकला, की बिल्लाही गेला. आमच्या गावांत फोन एका हातात राहत नाही: बापाचा मुलाकडे, त्याचा धाकट्या बहिणीकडे, आणि शेवटी बाजारात. म्हणून जो खेळ मनापासून खेळावयाचा त्यात पाहुण्याने लवकरच घरचे व्हावे. म्हणजे सेटिंग्जमध्ये जाऊन पाहुण्याचे खाते एखाद्या पक्क्या दाराशी जोडून घ्यावे. ही सोय आहे तोवर ती फुकट असते.

बाकीच्या खेळांत तत्त्व हेच असून फक्त मांडणी निराळी. 'रोब्लॉक्स'मध्ये पाटीच्या नावाला 'डिस्प्ले नेम' म्हणतात आणि त्याच्याखाली अ‍ॅटच्या खुणेसह खरे युजरनेम असते. पाटीची नावे दोघांची सारखी असू शकतात, युजरनेम दोघांना सारखे मिळत नाही. 'माइनक्राफ्ट'ची, संगणकावर खेळावयाची, मूळ आवृत्ती घेतली तर 2015 पासून तिच्यात नाव बदलता येते; त्याचमुळे आत बत्तीस अक्षर-अंकांची एक न बदलणारी ओळख ठेवणे भाग पडले, आणि नाव बदलले तरी ती ओळख तीच राहते. 'स्टीम' ह्या संगणकी खेळांच्या दुकानात तिन्ही नावे अगदी स्वच्छ वेगळी काढलेली आहेत: आत शिरण्याचे नाव दुसऱ्यास दिसत नाही आणि बदलत नाही, पाटीचे नाव केव्हाही बदलावे, आणि सतरा अंकी आकडा खात्याच्या तपशिलाच्या पानावर छापलेला असतो. 'व्हॅलोरंट'वाल्यांनी आणखी एक युक्ती केली. तेथे नावापुढे हॅशची खूण घालून एक छोटे शेपूट जोडतात. त्यामुळे एकाच नावाचे शंभर गडी सुखाने नांदू शकतात, आणि मित्राला नाव कळविताना शेपूट विसरले तर तो भलत्यालाच हाक मारतो. बुद्धिबळाच्या 'लिचेस'वर ह्याच्या उलट कडक शिस्त आहे: एकदा घेतलेले नाव बदलत नाही. आमच्या मते बुद्धिबळाला ते शोभतेही. प्रत्यक्ष पटावरच्या स्पर्धांत उतरणाऱ्या खेळाडूला फिडे ह्या जागतिक संघटनेकडून एक क्रमांक मिळतो. जुलै 2025 मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकणारी नागपूरची दिव्या देशमुख असो की पहिल्यांदाच मानांकन मिळविणारा शाळकरी मुलगा, नोंदवहीच्या दृष्टीने दोघेही एकेक आकडाच.

अक्षरांचा भाग जरा सावकाश पाहिला पाहिजे, कारण पुष्कळ शोध तेथे अडखळतात. यंत्र अक्षर डोळ्यांनी वाचीत नाही. ते अक्षरामागचा संकेतांक वाचते. रोमन 'ओ' आणि शून्य आपल्याला सारखे दिसतात, त्याला ते दोन पूर्ण निराळे पदार्थ वाटतात. मोठा 'आय' आणि लहान 'एल' ह्यांचेही तेच. आता मुलांना नावात नक्षी फार आवडते. मुकुट, तलवारी, वेलबुट्टीची अक्षरे, आणि कधीकधी तर मुळीच न दिसणारे अक्षर घालून नाव कोरे ठेवावयाचे. जगातील बहुतेक लिप्यांचा जो सामाईक संकेतकोश आहे, ज्याला युनिकोड म्हणतात, त्यात हे सारे आहे. पण ते आपल्या फोनच्या कळफलकावर नाही. त्यामुळे असले नाव दुसऱ्याला टाइप करून शोधताच येत नाही. देवनागरीतही मौज आहे. 'दर्‍या', 'सुर्‍या' अशा शब्दांतला अर्धा 'र' काही कळफलक एका रीतीने घालतात, काही दुसऱ्या रीतीने, आणि कधी मध्ये एक अदृश्य जोडखूण ठेवतात. कागदावर दोन्ही एक. यंत्राच्या लेखी दोन वेगळी माणसे. तेव्हा नक्षीदार नावाच्या गड्याला शोधावयाचे असेल तर त्याचा आकडा मागावा. आकड्याला नक्षी नसते.

आकड्याला एक व्यावहारिक महत्त्वही आहे आणि ते पैशाचे आहे. काही खेळांत बाहेरच्या दुकानातून खेळाचे चलन विकत घेताना केवळ आकडा विचारतात. एक अंक चुकला तर रक्कम एखाद्या अनोळखी गड्याच्या खात्यात जाऊन पडते, आणि ती परत मिळविणे कठीण. बऱ्याच ठिकाणी आकडा भरल्यावर पाटीचे नाव दिसते. ते आपले आहे ना, हे पाहूनच पुढचे बटण दाबावे. पैसे देणारे वडील आणि आकडा सांगणारा मुलगा हे अशा वेळी एकाच खोलीत असलेले बरे.

दाराच्या नावाचे मोल आमच्या देशात लक्षावधी मुलांना एकदम कळले ते 2020-21 साली. 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने इतर 117 अ‍ॅप्सबरोबर 'पबजी मोबाइल'वर बंदी घातली. मुलांची वर्षानुवर्षांची खाती निरुपयोगी झाली. 2 जुलै 2021 रोजी 'बीजीएमआय' हा त्याचा भारतीय अवतार निघाला, आणि जुन्या घरातले सामान नव्या घरी हलविण्याची मुदतीपुरती परवानगी मिळाली. पण कोणाला? ज्याला जुने दार आठवत होते त्याला. ज्याने मामेभावाच्या फेसबुकवरून खाते उघडले होते आणि मामेभावाने ते फेसबुक बंद करून टाकले होते, त्याचे पाटीवरचे नाव साऱ्या कॅम्पात गाजलेले असले तरी सामान हलले नाही. पुढे जुलै 2022 मध्ये हा नवा खेळही दुकानांतून काढण्यात आला आणि मे 2023 मध्ये परत आला. त्या दहा महिन्यांत किती फोन बदलले गेले असतील ह्याची कल्पनाच केलेली बरी.

दार खरोखरच विसरले असेल तर काय करावे? निराश होण्याआधी शोधाच्या चार जागा आहेत. सवंगड्याच्या फोनवर त्याची मित्रांची यादी उघडावी. आपण आपल्याला दिसत नसलो तरी त्याला दिसतो, आणि आपली पाटी उघडली की आपला आकडाही मिळतो. जुनी छायाचित्रे चाळावीत. विजयाचे चित्र टिपून ठेवण्याची मुलांची हौस येथे कामी येते, कारण त्या चित्रात नाव असते आणि एखादे वेळी आकडाही. घरातल्या प्रत्येक ईमेलच्या पेटीत त्या खेळाचे किंवा कंपनीचे नाव घालून शोध घ्यावा. पहिल्या दिवशीचे स्वागताचे पत्र किंवा खरेदीची पावती सापडली तर दार तेच. आणि गूगलच्या खात्याच्या सुरक्षेच्या पानावर, कोणकोणत्या अ‍ॅप्सना ह्या खात्याने आत सोडलेले आहे, त्याची यादी असते. तीत खेळाचे नाव आहे की नाही हे पाहावे. येथे एक सूचना: गूगलच्या 'प्ले गेम्स'मध्येही गड्याला एक निराळे नाव असते. ते खेळातले नाव नव्हे. चौथे नाव निघाले म्हणून गोंधळून जाऊ नये.

मोबाइल नंबर हेच ज्यांचे दार आहे त्यांनी विशेष जपावे. बंद पडलेल्या सिमकार्डाचा नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकास दिला जातो, आणि मग दारावरची ओटीपी त्याच्या फोनवर वाजते. नंबर सोडावयाचा असेल तर आधी दार बदलून घ्यावे.

नावाविषयी पालकांनी पाहावी अशीही एक गोष्ट आहे. पाटीचे नाव साऱ्या जगाला दिसते. त्यात मुलाने स्वतःचे नाव, गावाचे नाव आणि जन्मसाल अशी त्रयी गुंफली, तर त्याने अनोळखी माणसाच्या हाती आपली अर्धी ओळख दिली. वाघ, वादळ, विजेता, काहीही घ्यावे. कॅम्पाचा नंबर आणि शाळा घेऊ नये. आकडा मित्राला सांगण्यास हरकत नाही, त्याने कोणाला आत शिरता येत नाही. दाराचे नाव शक्य तो सांगू नये. पासवर्ड आणि ओटीपी तर कोणालाही नाही: "फुकट भेट मिळेल" म्हणणाऱ्याला नाही, कंपनीचा माणूस म्हणविणाऱ्यालाही नाही. खाते विकत घेण्याचाही एक चोरटा बाजार मुलांत चालतो. त्यात घेणारा पाटी आणि बिल्ला घेतो. दार पहिल्या मालकाच्या ईमेलशी जोडलेले राहिले तर तो पैसे खिशात घालून महिन्याभराने आपले घर परत घेऊ शकतो, आणि घेणाऱ्याला तक्रार करावयास तोंड राहत नाही, कारण असा व्यवहार बहुतेक खेळांच्या नियमांत बसतच नाही. पैशाची उघड फसवणूक झाली असेल तर मात्र संकोच न करता 1930 ह्या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. मुलगा रागे भरण्याच्या भीतीने दोन दिवस गप्प बसतो, आणि तेवढ्यात रक्कम दूर जाते.

सर्व उपाय थकले म्हणजे कंपनीच्या मदतकक्षाला लिहावयाचे. तेथील मंडळी पाटीचे नाव फारसे मनावर घेत नाहीत. ती आकडा विचारतात, आणि मग असे प्रश्न विचारतात की ज्यांची उत्तरे खऱ्या मालकालाच यावीत: खाते साधारण केव्हा उघडले, पहिला फोन कोणत्या बनावटीचा होता, पहिली खरेदी किती रुपयांची आणि कशी केली. मुलाला ह्यांतले काही आठवत नाही. तो आईला विचारतो. फोन कोणत्या दुकानातून घेतला होता, तो गणपतीच्या आधी आला की नंतर, त्या वर्षी परीक्षा केव्हा संपली आणि बक्षीस म्हणून किती पैसे दिले होते, हे तिला नीट आठवत असते. पावतीही बहुधा रेशनकार्डाच्या पिशवीत सापडते. ते सर्व ओळीने लिहून काढावे, पावतीवरचा क्रमांक जोडावा, आणि एकच पत्र पाठवावे. रोज एक पत्र पाठविल्याने उत्तर लवकर येत नाही.